मोहटोल्याचा आहेर

"हे खरे नाही," आमच्या आमदारांनी मोठ्यानं वाचलं, पुस्तिका खाटेवर ठेवली आणि शांतपणे चहाचा कप तोंडाला लावला.

मी स्टोव्हपाशी पोळ्या लाटत होते. नागपूरच्या आमदार निवासात खोलीत स्टोव्ह पेटवायला बंदी होती, पण कॅन्टीनचं तिखट ह्यांच्या पोटाला सोसत नसे. म्हणून दर हिवाळी अधिवेशनाला मी कणकेचा डबा घेऊन हजर. काय खरं नाही, असं मी विचारलं.

"मोहटोल्याला बोट नाही, हे."

माझं लाटणं थांबलं. मोहटोल्याला बोट नव्हती हे मला ठाऊक होतं, ह्यांना ठाऊक होतं, तालुक्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. आणि सरकार छापून सांगत होतं की बोट आहे.

ह्या गोष्टीला आता वीसेक वर्षं होतील. आमचे यादवराव कापगते तेव्हा पहिल्यांदाच निवडून आलेले. माणूस सरळ, आवाज बारीक, जागा शेवटच्या बाकावर. चार वर्षांत सभागृहात एकदाही तोंड उघडलं नव्हतं. मी म्हणायची, तुम्हाला निवडून दिलं की फोटो लावला भिंतीवर? पण घरी बसून प्रश्न मात्र लिहायचे. विधानसभेत ज्या प्रश्नापुढे तारा छापतात त्याचं उत्तर मंत्री उभं राहून देतो. ह्यांच्या प्रश्नांना तारा नसायचा, त्यांची उत्तरं नुसती छापून यायची. अमक्या गावचा हातपंप बंद आहे हे खरे आहे काय, तमक्या शाळेला शिक्षक नाही हे खरे आहे काय. उत्तर ठरलेलं, हे खरे नाही. एक नाही, दोन नाही, सगळ्याच प्रश्नांना.

आमच्याच पक्षाचा तालुकाध्यक्ष होता, प्रभाकर लांजेवार. तो लग्नाकार्यात चारचौघांत ह्यांच्या खांद्यावर हात टाकून विचारायचा, "भाऊ, एखादा तरी खरा प्रश्न विचारा ना." लोक हसत. हेही हसत. माझ्या मात्र अंगाची लाहीलाही व्हायची. वर्षभरात निवडणूक होती आणि लांजेवारचा डोळा तिकिटावर होता, हे न कळायला मी काही दुधखुळी नव्हते.

पण मोहटोल्याचा प्रश्न निराळा होता. तो आमच्या ओसरीवर चालत आला होता.

भादव्यात दुर्पताबाई नेवारे आली होती. मासे धरणाऱ्या ढिवरांतली म्हातारी, पदरात सुके झिंगे बांधून आणलेले. धरणाचं पाणी पसरलं तेव्हापासून मोहटोला पाण्याच्या पलीकडे पडला होता. शाळा अलीकडे. जुनी लाकडी नाव कुजून बुडाली, तेव्हापासून पोरी मासेमारीच्या डोंग्यात बसून यायच्या. त्या पावसाळ्यात एक डोंगा उलटला. पोरी वाचल्या, पण त्या दिवसापासून आईबापांनी त्यांना घरी बसवलं. जंगलातून वळसा घालून यायचं तर अठरा किलोमीटर. दहावीतल्या सहा पोरी होत्या, त्यात दुर्पताबाईची नात पौर्णिमा. दिवाळीनंतर पोरी रोज आल्या नाहीत तर हजेरी भरणार नाही, आणि मग बोर्डाच्या परीक्षेला बसता येणार नाही, असं हेडमास्तरांनी सांगून टाकलं होतं.

"पोरगी हुशार हाये बाई," म्हातारी म्हणाली होती. "एक डाव घरी बसली का मंग सरलं तिचं शिकनं. तिच्या मायचं असंच झालं."

ह्यांनी त्याच दिवशी प्रश्न लिहायला घेतला. आणि आता डिसेंबरात त्याचं हे उत्तर.

"मी उद्या मोहटोल्याला जाते," मी म्हणाले. "फोटोच काढून आणते. पाण्याचा काढते, रिकाम्या काठाचा काढते. मग बघू कोण खरं आणि कोण खोटं."

मला वाटलं हे अडवतील. हे म्हणाले, "जा. बघून ये." आणि वर म्हणाले की भाच्याकडून कॅमेरा घे, त्याचा चांगला आहे. मिशीतल्या मिशीत हसत होते. मला त्या हसण्याचा असा राग आला की मी त्यांना दुसरा चहा दिला नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याचा कॅमेरा घेऊन एसटीनं तालुक्याला गेले आणि तिथून जीपनं काठावर. उतरले आणि जागच्या जागी उभी राहिले.

बोट होती.

चांगली मोटारबोट, पांढरी स्वच्छ, वर झालर लावलेलं छत. भगव्या रंगाची तरंगणारी जाकिटं घातलेल्या पोरी तिच्यातून एकेक करून उतरत होत्या आणि जाकिटं काढून, दप्तरं सावरत शाळेकडे पळत होत्या. त्यांना पोचवायला आलेली दुर्पताबाई मला बघून लगबगीनं आली. माझे दोन्ही हात धरले, आणि मग सगळं सांगितलं. पंधरवड्यापूर्वी तहसीलचे साहेब कागद घेऊन आले होते. गावाला बोट नाही असं विधानसभेत कोणी सांगितलं, म्हणून दरडावून विचारत होते. गावकरी घाबरले. पण पुढच्याच आठवड्यात ट्रकवर घालून बोट आली, सोबत चालकही आला. तेव्हापासून पोरींचा एक दिवस बुडला नव्हता.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या आधी वाटलं की आता मी ह्यांना काय तोंड दाखवू. सरकारचं उत्तर खरं, आमचाच प्रश्न खोटा. लांजेवार बरोबरच बोलत होता म्हणायचा.

म्हातारी नातीच्या मागे शाळेपर्यंत गेली. मी बोटीजवळ उभी होते. नवीन रंग घाईत मारलेला दिसत होता, खालची निळी अक्षरं त्यातून डोकावत होती. मी वाकून वाचली. नौकाविहार. खाली प्रौढांचा दर, मुलांचा अर्धा दर.

चालक बिडी ओढत बसला होता. मी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. बोट कुठली, असं मी सहज विचारलं. त्यानंही सहज सांगितलं, पर्यटनाच्या तलावावरची. तिकडे नाताळात गर्दी असते.

"मग इथे किती दिवस?"

"अधिवेशन संपलं का वापस न्याची हाये, काकू. तसंच सांगतलं मले."

मी सगळा रोल संपवला. रंगाखालची अक्षरं जवळून घेतली, छत घेतलं, चालकाला बिडीसकट घेतलं. दुर्पताबाई परत आली तेव्हा तिला काही बोलले नाही. तिच्या तोंडावरचा आनंद मला मोडवेना. पण जीपमध्ये बसले ती मनात मांडे खातच. आता दाखवतेच एकेकाला, असं म्हणत होते मी.

संध्याकाळी खोलीवर पोचले. हे खाटेवर बसून शेंगदाणे सोलत होते.

"आली का बोट?" ह्यांनी विचारलं.

मी पिशवी खाली ठेवली. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

अंदाज होता, म्हणाले. आणि मग चार वर्षांत बायकोला न सांगितलेली गोष्ट आमच्या ह्यांनी शेंगदाणे सोलत सोलत सांगितली. आपण लिहिलेला प्रश्न मंत्र्याकडून सचिवाकडे जातो, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तहसिलीत, तिथून गावात. उत्तर खालच्या माणसाला लिहायचं असतं. "होय, हे खरे आहे" असं लिहिलं की पुढे विचारणा होते, कोण जबाबदार, काय कारवाई केली. मग तो ते लिहीतच नाही. आधी धावत जाऊन पंप दुरुस्त करतो आणि मग लिहितो, हे खरे नाही. मोठा प्रश्न विचारला तर बाब तपासून पाहत आहोत असं उत्तर येतं आणि काहीच होत नाही. म्हणून प्रश्न छोटा विचारायचा, आठ दिवसांत होईल एवढ्या कामाचा. चिचटोल्याचा पंप असाच झाला होता, खांबाडीच्या शाळेला मास्तर असाच मिळाला होता.

"आणि लोक तुम्हाला खोटारडा म्हणतात ते?"

"म्हणू दे. पंपाचं पाणी तर पितात ना."

मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. तू गावभर केलं असतंस, म्हणाले. साहेबांना एकदा मेख कळली की कोणी धावणार नाही. हे खोटं नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला. पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी दाटून आलं होतं. चार वर्षं मी ज्या माणसाची कीव करत होते, तो चार वर्षं एकेक पंप, एकेक मास्तर गोळा करत बसला होता.

"ह्या वेळी तुमची मात्रा चालली नाही," मी म्हणाले, आणि बोटीची सगळी हकीकत सांगितली.

ह्यांच्या हातातले शेंगदाणे तसेच राहिले. अधिवेशन शुक्रवारी संपणार होतं.

हक्कभंग आणा, मी म्हणाले. मंत्र्यानं सभागृहाला फसवलं की हक्कभंगाची सूचना देता येते, एवढं मलाही माहीत होतं. उधारीची बोट दाखवून उत्तर दिलं, पुरावा रोलमध्ये आहे. सगळ्या वर्तमानपत्रांत फोटो येईल. प्रभाकर लांजेवार तोंड लपवत फिरेल. तिकीट तुमचं पक्कं.

हे बराच वेळ खिडकीपाशी उभे राहिले. त्यांनाही ते हवं होतं. मी ह्यांना ओळखते, मान जराशी वाकडी केली की मनात काहीतरी हवंसं आलेलं असतं.

"मंत्री माफी मागतील," हे म्हणाले. "चौकशी लावतील. बोट कुठली ते बाहेर आलं की ती त्याच दिवशी तलावावर जाईल. मग नवीन बोटीची मागणी, मंजुरी, निविदा. परीक्षा मार्चमध्ये आहे."

"मग काय, गप्प बसायचं? गप्प बसलात तरी शनिवारी बोट जाणारच."

"तेच तर."

स्टोव्हवर वरण उतू गेलं ते कोणी पाहिलं नाही. मला सारखी पौर्णिमा दिसत होती, जाकीट काढून घडी घालून ठेवणारी. इतर पोरींनी नुसती फेकली होती.

आणि मग मला माझ्या लग्नातला गुंड आठवला, पाणी भरून ठेवायचा तो पितळी.

आमच्याकडे लग्नात आहेर भोंग्यावर पुकारतात. अमक्या गावचे तमके, यांच्याकडून स्टीलची टाकी, असं मांडवभर ऐकू जातं. माझ्या थोरल्या काकांनी माझ्या लग्नात हा एवढा पितळी गुंड आणून मांडवात ठेवला होता. तो होता त्यांच्या साडूचा, चार लोकांत दिसावा म्हणून आणलेला, संध्याकाळी गुपचूप बैलगाडीत टाकून परत न्यायचा. पण पुकारणाऱ्या मास्तरांना काय माहीत? त्यांनी भोंग्यावर जाहीर केलं, वधूच्या थोरल्या काकांकडून पितळी गुंड, आणि मांडवात टाळ्या पडल्या. झालं. पुकारलेला आहेर कोणाच्यानं परत नेववतो? काकांनी साडूला नवा घेऊन दिला. काकू मरेपर्यंत त्यावरून त्यांना बोलत होती.

"अहो," मी म्हणाले, "ह्या बोटीचा आहेर पुकारा."

"बोटीचा आहेर?" ह्यांनी विचारलं.

"सभागृहात उभे राहा. मंत्र्यांनी मोहटोल्याला बोट दिली म्हणून सगळ्यांदेखत त्यांचं अभिनंदन करा. त्यांच्या तोंडून होय म्हणवून घ्या. मग बघते कोण नेतो ती."

ह्यांच्या तोंडावर हळूहळू उजेड पडला. मंत्री सभागृहात जे बोलतो त्याची आश्वासन म्हणून नोंद होते, आणि ते पाळलं की नाही हे विचारायला आमदारांची एक समितीच असते, असं ते मला सांगायला लागले. बोलता बोलता मध्येच थांबले.

"एकदा आभार मानले की मग हक्कभंग नाही आणता येणार. कधीच. फोटो फुकट जातील तुझे."

"माझे फोटो मी बघून घेईन."

"आणि मला उभं राहून बोलावं लागेल."

"ते तर लागेल," मी म्हणाले. ह्यांना घाम फुटला होता, डिसेंबरच्या थंडीत.

गुरुवारी मी प्रेक्षकांच्या गॅलरीत बसले होते. ह्यांनी सकाळीच अध्यक्षांच्या दालनात चिठ्ठी देऊन दोन मिनिटं मागून घेतली होती. दुपार टळल्यावर नाव पुकारलं गेलं. शेवटच्या बाकावरून हे उठले आणि अख्ख्या सभागृहानं माना वळवल्या, कारण हा माणूस बोलतो हेच कोणाला ठाऊक नव्हतं. कोणीतरी पुढून म्हणालं, "प्रश्न खरा आहे का?" आणि हशा पिकला. ह्यांनी पाण्याचा घोट घेतला, तो अर्धा सदऱ्यावर सांडला.

"अध्यक्ष महोदय," हे म्हणाले. आवाज इतका बारीक की अध्यक्ष पुढे वाकले. "मी विचारलं होतं, मोहटोल्याला बोट नाही हे खरे आहे काय. हे खरे नाही, असं उत्तर आलं. माझी पत्नी परवा तिथे जाऊन आली. बोट तिथे आहे. पोरी तिच्यातून शाळेत जातात. मंत्रिमहोदयांनी मोहटोल्याला ही बोट दिली, त्याबद्दल मी गावाच्या वतीनं त्यांचे जाहीर आभार मानतो."

बाकं वाजली. आमदार आभार मानतोय म्हटल्यावर पक्षाचे सगळेच बाकं वाजवायला लागले. ह्यांनी आवाज थांबेपर्यंत वाट पाहिली.

"एवढीच विनंती आहे. ही बोट मोहटोल्याची झाली, असं मंत्रिमहोदयांनी आपल्या तोंडानं सांगावं. गावकऱ्यांना फार आनंद होईल."

मंत्री उठले. त्यांना बिचाऱ्यांना मोहटोला कुठे आहे हेही ठाऊक नसावं. त्यांनी अधिकारी बसतात त्या बाजूला पाहिलं. तिथे एक साहेब अर्धवट उठून हात हलवत होते, पण बाकं वाजत होती आणि मंत्र्यांच्या चेहऱ्यावर हसू आलेलं होतं. आहेर पुकारला गेला होता.

"बोट मोहटोल्याचीच आहे," मंत्री म्हणाले. "कायमची आहे."

"आणि चालक?" हे उभेच होते.

"चालकाचा पगार शासन देईल."

साहेब खाली बसले आणि लिहायला लागले. मी गॅलरीत पदरानं डोळे पुसत होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, तुमचे कोण ते? माझे मिस्टर, मी म्हणाले, आणि असं म्हणताना मला इतकं बरं याआधी कधी वाटलं नव्हतं.

शनिवारी बोट गेली नाही. पिकनिकच्या तलावाला म्हणे दुसरी घेऊन दिली.

पुढचं काही गोड नाही, तेही सांगून टाकते. महिन्याभरात लांजेवारनं काठावर बोटीचं लोकार्पण केलं. मंत्री आले, नारळ फुटला, बोटीवर मंत्र्यांचं नाव मोठ्या अक्षरांत आलं. फलकावर लांजेवारचा हात जोडलेला फोटो होता, आमच्या ह्यांचं नाव कुठेच नव्हतं. हे तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. तिकीट लांजेवारला मिळालं. वर्तमानपत्रानं लिहिलं की कापगते यांची कारकीर्द निष्प्रभ ठरली. त्या दिवशी मी जेवले नाही. माझा तो रोल तसाच पडून होता आणि मला क्षणभर वाटलं, आपण मूर्खपणा केला. हे म्हणाले, भाकरी थंड होतेय.

त्याआधी मार्चमध्ये सहाही पोरी परीक्षेला बसल्या होत्या. पाच पास झाल्या, सहावी ऑक्टोबरात झाली. पौर्णिमा तालुक्याला अकरावीत गेली.

त्याच्या पुढच्या मार्चची गोष्ट. हे आता नुसतेच यादवराव होते. दहावीचा पहिला पेपर होता, आणि आपण काठावर जाऊन बघू म्हणून मीच ह्यांना ओढून नेलं. बोट आली. त्या वर्षीच्या पोरी उतरल्या, त्यांच्या मागून पौर्णिमा उतरली. तिची परीक्षा तर गेल्या वर्षीच झालेली. मी म्हटलं ही कशाला आली, तर तिनं मागे वळून हात दिला आणि तिची आई उतरली. इस्त्रीची साडी, हातात पॅड, कडेवर दीड वर्षांचं पोरगं. नववीत असताना धरणाचं पाणी आलं आणि हिची शाळा सुटली होती. तिनं बाहेरून दहावीचा फॉर्म भरला होता. वर्षभर त्याच बोटीतून येऊन ती रात्रशाळा नसलेल्या गावात मास्तरांच्या घरी गणित शिकली होती.

पौर्णिमाला कॉलेजात प्रॅक्टिकल होतं, ती एसटी गाठायला पळाली. दुर्पताबाई तापानं घरी पडलेली. पोरगं आईला सोडेना, आणि घंटा व्हायची वेळ झाली.

"बाई, जरा धरता का ह्याले?" ती म्हणाली. "पेपर होईस्तोवर."

मी पोरगं घेतलं. ती धावत गेली आणि पायऱ्यांवरून एकदा मागे वळून पाहिलं. मग आत गेली.

आम्ही शाळेसमोरच्या चिंचेखाली बसलो. पोरगं आधी भोकाड पसरून रडलं. ह्यांनी चष्मा काढून त्याच्या हातात दिला, तेव्हा गप्प झालं. चष्म्याची एक काडी मोडली. मी रागावले नाही. थोड्या वेळानं ते ह्यांच्या मांडीवर झोपलं आणि हे हलेनातच, चहा आणायलाही उठले नाहीत.

"हळू बोल," मला म्हणाले. "आत पेपर चालू आहे."